चार अंश

पेटी रोज सकाळी सातला गाडीत चढते, सही करून.
दोन पिशव्या, ओ निगेटिव्ह.
चार अंश. दोनच्या खाली नाही, सहाच्या वर नाही.
बहुतेक दिवस त्या नुसत्याच फिरून येतात
शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड,
आणि मुदतीच्या आत परत रक्तपेढीत,
लग्नाला जाऊन न जेवता परतलेल्या पाहुण्यांसारख्या.

त्या पहाटे मात्र भाऊच्या धक्क्यावर
विंचचा वायररोप तुटला.
जे. जे. दहा मिनिटांवर होतं,
पण पाय ड्रममध्ये होता
आणि फायर ब्रिगेडची माणसं कटर घेऊन
अजून एका बोटीवरून दुसरीवर उड्या टाकत होती.
बोटीला बोट लागून सात बोटी, आमची सातवी.
पेटी मी डोक्यावर घेतली, पाटीसारखी.
कुणीतरी ओरडलं, बाई आली, वाट द्या.

लाडक्या दुमाडा. तलासरी.
वय विचारलं तर म्हणाला, ‘तांडेलला ठाव.’
मांडीवर पट्टा आवळला,
पट्ट्यावर वेळ लिहिली, चार बारा.
तोवर बरंच गेलं होतं.
नाडी बोटाखाली मांदेलीसारखी,
आहे म्हणेपर्यंत नाही.

मग आकडे.
सलमा पिशवीवरचे वाचते, मी कागदावरचे,
मग उलट. मी पिशवी, ती कागद.
कितीही घाई असो, एक आकडा गिळायचा नाही.
तांडेल अंगावर आला,
‘माणूस मरतोय नि तुम्ही पाढे म्हणताय?’
आम्ही म्हणत राहिलो.
सात शून्य तीन तीन एक.
सात शून्य तीन तीन एक.

स्टँड काही बोटीवर उभा राहीना.
केबिनमध्ये तसबिरीच्या बाजूला हूक होता,
कालचा हार काढून तिथे पिशवी टांगली.
बोट हलली की तीही हलायची.

चहूकडे बर्फ. खणात, बांगड्यांवर, पायाखाली,
आणि त्यातला काही गुलाबी.
एवढ्या गारठ्यात मला
एवढंसं रक्त कोमट करायचं होतं.
वॉर्मरचा हिरवा दिवा लागेपर्यंत
नळी मी तळहातात धरून बसले.
पुस्तकात असलं काही लिहिलेलं नाही.

‘कुनाचा हाय?’
डोळे न उघडता त्याने विचारलं.

पिशवीवर नाव नसतं.
असेल कुणी, मंडळाच्या शिबिरात
रबरी चेंडू दाबत आडवा पडलेला,
चार बिस्किटं, सरबत
आणि स्टीलचा डबा घेऊन घरी गेलेला.
बायको म्हणाली असेल,
झाकण नीट बसत नाही याचं.

माझं नाही, एवढं नक्की.
दर वर्षी मी रांगेत उभी राहते,
दर वर्षी बोटाला सुई टोचतात,
आणि निळ्या पाण्यात माझा थेंब
बुडतच नाही, वरच राहतो.
‘ताई, खजूर खा. पुढच्या वर्षी या.’

‘बोलू नकोस,’ मी म्हटलं.

दुसरी पिशवी अर्ध्यावर आली तेव्हा कटर थांबला.
पाय सुटला. मी ‘सुटला’ म्हणते,
पुढचं सर्जनने सांगावं.
परत सात बोटी.
स्ट्रेचरच्या बाजूने पिशवी वर धरून
एक मिसरूड न फुटलेला खलाशी पळत होता.
जे. जे.च्या दारात पिशवी दुसऱ्यांनी घेतली
तरी त्याचा हात वरच.
सलमाने त्याचं मनगट धरून खाली आणला.

रिकाम्या पिशव्याही परत द्याव्या लागतात.
खिडकीतला माणूस विचारतो, ‘वापरल्या?’
‘वापरल्या.’
कारणाचा रकाना बोटभर रुंद.
मी लिहिते, विंच.
पेटी पुसताना आतल्या कडेला
चिकटलेला एक खवला निघाला,
नखाएवढा, चकचकीत.
कुठून आला, सलमा म्हणाली,
झाकण तर मी एकदाच उघडलं होतं.

नव्या दोन पिशव्या.
चार अंश.
पेन चालेना, म्हणून सही दोनदा.