वाऱ्याचे जास्तीचे पैसे

दोघी काळ्या. दोघींचा पट्टा एकाच लांबीचा,
मोटार एकाच कारखान्यातली,
घडी घातली की कपाटामागे मावतात दोघी,
आणि मार्च उजाडला की, खरं सांगते,
दोघींवरही लोक ओले टॉवेल वाळत घालतात.

डावी चार लाख पेसोंना दहा कमी.
उजवी पाच लाखांना दहा कमी.
हे दहा पेसो नेमकं कुणाला फसवतात
मला अजून कळलेलं नाही.
उजवी खपली तर माझं कमिशन दुप्पट,
म्हणून मी उभी राहते ती उजवीकडेच.

शनिवारी दारातून आधी वारा आत आला,
मग एक टोपी, टोपीमागे एलेउतेरियो,
आणि त्यांची कॉलर घट्ट धरून दानित्सा.

छत्तीस वर्षं पुंता अरेनासभर पत्रं वाटली या माणसाने.
माझ्या मावशीची घटस्फोटाची नोटीसही त्यांनीच आणली होती;
दारात उभे राहून म्हणाले होते म्हणे,
"आधी चहा घे, मग फोड."

आता गुडघ्यात स्क्रू, छातीत स्प्रिंग.
डॉक्टर म्हणतात, रोज अर्धा तास चाला.
आणि बाहेर तर चौकाचौकात
माणसं दोराला लोंबकळून रस्ता ओलांडतायत.

"फरक काय दोघींत?" दानित्सांनी विचारलं.
मी पाठ केलेलं सुरू केलं.
उजवीला चढ आहे.
"चढ आमच्या जिन्यालाही आहे."
उजवीला पडदा आहे, त्यात समुद्र दिसतो.
"तो न्हाणीघराच्या खिडकीतूनही दिसतो."
उजवीला पंखा आहे. चालताना समोरून वारा येतो.
तीन वेग.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
मग एलेउतेरियो असे हसले
की मला त्यांच्या स्प्रिंगेची काळजी वाटली.
"एक लाख पेसो! वाऱ्याचे! इथे!"
पत्रे उचकटणारा, मेंढरं कुंपणाला चिकटवून ठेवणारा,
बारा महिने, फुकट, घरपोच मिळणारा वारा!
माझं कमिशन त्या हसण्यात उडून गेलं.

डाव्या पट्ट्यावर चढले ते. मी बटण दाबलं.
चार पावलं बरी पडली.
पाचव्याला अंग पुढे झुकलं, सवयीने,
छत्तीस वर्षं झुकायचं तेवढंच,
आणि कपाळ जाऊन आकड्यांवर आपटलं.

"समोरून कुणी धरतच नाही गं," ते म्हणाले.
दानित्सांचं हसू तिथेच थांबलं.

मग उजवीवर. पंखा एकवर, दोनवर, तीनवर.
डोळे मिटून बराच वेळ चालले.
"सूप निववायला कुणी फुंकर मारावी, तसा आहे,"
असं म्हणाले, पण उतरेनात.
दानित्सांनी पर्स उघडली,
ओठांनी काही मोजलं, गॅसचं बिल असेल, नातीचे दात असतील,
आणि पर्स मिटली. आवाज न करता.

डावी घेतली. बारा हप्ते.

तीन आठवड्यांनी फोन केला मी,
हमीपत्रावर सही राहिली होती.
रिसीव्हरमध्ये पट्ट्याची घरघर,
आणि तिच्यावर चढलेली ती दुसरी घरघर,
जी या गावात कुणाला समजावून सांगावी लागत नाही.
मागून दानित्सा ओरडत होत्या,
"चार बोटं म्हटलं होतं! सताड नाही!
पडदा सूपमध्ये पडलाय!"

"यास्ना, पोरी, लवकर बोल," ते धापा टाकत म्हणाले,
"चिलोए रस्ता, चारशे बारा.
इथला कुत्रा अजून आहे का, बघायचंय."

तो कुत्रा मला माहीत होता. आमच्याच गल्लीतला.
मी शाळेत होते तेव्हा मेला.
सहीचं मी सोमवारी बघू म्हटलं.