तुटक रेषा

आमच्या नकाशात जे आहे ते फिकट,
जे होणार ते ठळक,
आणि जे जाणार
ते तुटक रेषेत.
ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवतात हे,
कॉफीचं मशीन कुठे आहे ते सांगायच्याही आधी.

शीट क्रमांक तीन. ईस्ट हार्लो, व्हर्माँट.
टॅनरी ब्रुक नावाचा ओढा, त्यावरून गावचा रस्ता,
रस्त्याखाली साडेतीन फुटी पत्र्याचा पाइप,
तळाशी गंजून चाळण झालेला.
मी त्यातून रांगत गेले आहे, टॉर्च दातांत धरून.
पलीकडच्या तोंडाशी पाणी हातभर खाली पडतं
आणि तिथल्या डोहात ट्राउट मासे थांबलेले असतात,
बंद खिडकीपुढे रांग लागावी तसे.

जुलैत ओढ्याने रस्ता नेला.
दोन वर्षांपूर्वीही नेला होता.
शाळेच्या जिममध्ये सभा, घडीच्या खुर्च्या,
बास्केटबॉलच्या रिंगखाली माझा प्रोजेक्टर.
मी म्हटलं, हा शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर.
मागून विनिफ्रेड लाफ्लॅम उठल्या, विणकाम हातातच:
"बाई, माझ्या तळघरात तो तीनदा येऊन गेला.
म्हणजे आता तीनशे वर्षं सुट्टी का आम्हाला?"
सगळं जिम हसलं. मीही.
मग समजावलं, की दर वर्षी शंभरात एक शक्यता,
फाशांना मागचं आठवत नसतं.
"ओढ्याला असतं," त्या म्हणाल्या
आणि खाली बसून टाके मोजू लागल्या.
पाणी जोखायला आलो होतो आम्ही;
त्यांनी तासाभरात आमचंच जोखलं.

उपाय कागदावर सोपा होता.
पाइपऐवजी अठरा फुटी कमान,
तळ उघडा, त्यात ओढ्याचेच गोटे,
आणि वरच्या अंगाला पाण्याला हातपाय पसरायला
चार एकर.
त्या चार एकरांत ऑर्विल टाट्रो यांचं घर.

विकत घ्यायचं, पाडायचं, गवत पेरायचं,
पुन्हा तिथे कुणी काही बांधायचं नाही, कधीच,
असं करारात असतं.
दीड वर्ष ते नाही म्हणाले.
मग नोव्हेंबरात फोन: या.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलच्या रेघा.
डेनिस, वय सात.
त्याच्यावर दोन बोटं, दुसऱ्याच हाताने ओढलेली, जुलैचं पाणी.
खाली सत्तावीस सालचा पूर, आजोबांच्या अक्षरात,
मध्ये कुठेतरी मार्गो, वय पाच.
मला काहीतरी बोलायला हवं होतं.
पण हात आधी टेपकडे गेला.
अशा खुणा आम्हाला दहा वर्षं शोधून मिळत नाहीत.
त्यांनी काही न बोलता गुडघ्यावर बसून
टेपचं दुसरं टोक जमिनीला दाबून धरलं.
"बरोबर आहे का?"
बरोबर होतं.

सही झाली. त्यांनी एकच मागितलं:
घर असलेलं शीट.
मी तीन नंबरचं दिलं. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं त्यांनी.
"इतकं फिकट का?"
जे आहे ते फिकटच काढतो आम्ही, मी सांगितलं.
"हं," म्हणाले. "मला उलटं वाटलं असतं."

चार नंबरचं मी दाखवलं नाही.

कमान होऊन आता दुसरं वर्ष.
मासे वर जातात म्हणे; मला अजून दिसलेले नाहीत.
विनिफ्रेड यांचं तळघर यंदा कोरडं राहिलं,
तरी लोकरीच्या पेट्या त्यांनी खाली नेलेल्या नाहीत.
काम झाल्यावरच्या नकाशात तुटक रेषा ठेवत नाहीत.
चार एकर कोरे.
फक्त टाट्रो यांच्या दाराची ग्रॅनाइटची पायरी
मी काढू दिली नाही:
गावातल्या साऱ्या उंच्या आम्ही तिच्यापासून मोजल्या होत्या,
तिला नंबर आहे, पितळेची खीळ आहे.
गवतात ती एकटीच बसलेली असते, कुठेही न नेणारी.
गवत कापणारा पोरगा मला शिव्या घालतो,
दर वेळी पातं तिच्यावर आपटतं म्हणून.