वाइंडिंग

कमाल चौकाच्या मागल्या गल्लीत बाबांचं दुकान.
एप्रिल लागला की कुलरच्या मोटरी येऊन पडतात
जळक्या वार्निशचा वास घेऊन, गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या.
बाबा जुनी तार उपसतात, वहीत लिहितात,
गेज इतका, वेढे इतके,
आणि नवं तांबं त्याच वाटेनं परत भरतात.
ते वेढे मोजत असताना
त्यांच्याशी कुणी बोलायचं नसतं.

माळ्यावर मी दुसरीच तार मोजत बसते.

फाइल उघडली की आधी नुसते आकडे,
एकेका अणूला तीन:
आडवा किती, उभा किती, आत किती.
कुणीतरी कुठेतरी स्फटिकावर किरण सोडले,
ठिपके उमटले, ठिपक्यांवरून जागा काढल्या.
मी एक बटण दाबते
आणि आकड्यांच्या फिती होतात, फितींचे वळसे,
चार साखळ्या एकमेकींच्या कुशीत शिरलेल्या.
दोघींना निळा दिला, दोघींना शेंदरी.
आडनावच रंगारी आमचं.
खरं तर अणूला रंग नसतो,
उजेडाची लाट तिथे मावतच नाही.
रंग ही माझी सोय.

बाबा जेवायला वर आले, चष्मा कपाळावर.
"हे तं वाइंडिंग हाय."
मी म्हटलं, हो. हिमोग्लोबिन. सुगतच्या रक्तातलं.
त्यांनी ताट बाजूला सरकवलं.
"दाखव कुठं बिघडलं."

शेंदरी साखळीचं टोक धरून मी मोजत आले.
या वेळी तेही गप्प.
सहाव्या जागी थांबले.
इथे पाण्याशी जमवून घेणारा असतो, बाबा.
सुगतमध्ये त्या जागी
पाण्याकडे पाठ फिरवणारा बसलाय.
"एकच?"
एकशे सेहेचाळिसांत एकच.
"अन् त्याच्यानं एवढं?"

मी दुसरा रेणू आणून शेजारी ठेवला.
प्राणवायू पोचवून झाला की रेणू जरा कूस बदलतो,
कुठेतरी एक खाच उघडी पडते,
शेजाऱ्याचा तो सहावा तिथे जाऊन दडतो.
पाण्यापासून लपायचं असतं त्याला, दुसरं काही नाही.
मग तिसरा येतो, चौथा येतो, दोर वळला जातो,
दोर आतून ताठ होतो,
आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकते.

बाबा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.
"एका वेढ्याचं इनॅमल खरचटलं ना,
तं बाजूचा वेढा त्याले चिकटते.
बाहेरून काहीच दिसत नाही.
भार आला का मंग जळते."
मी पाच वर्षं शिकून
हे इतक्या थोडक्यात सांगू शकले नसते.

गेल्या मे महिन्यात सुगतनं टॉवेल दातात धरला होता,
गुडघे पोटाशी, मेडिकलच्या वॉर्डात, नऊ तास.
त्या नऊ तासांचे आकडे कुठल्याच फाइलीत नाहीत.
त्याला चित्र दाखवलं तेव्हा हसला:
"भारी दिसून राह्यलं, ताई.
एवढं देखणं कायले बनवलं?"
मी माउसनं ते उगाच गोल गोल फिरवत राहिले.

"उपसून पुन्हा भरता नाही येत?" बाबांनी विचारलं.
तेच शोधतायत लोक, मी म्हटलं.
औषधं आहेत, पाणी भरपूर पाजायचं.
"पाणी," बाबा म्हणाले,
आणि खाली जाऊन त्यांनी माठ भरला.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तांब्याच्या तारेतून
त्यांनी एक साखळी वळली, माझ्या पडद्यावरून पाहून,
वळसे, कोपरे, सगळे जागच्या जागी.
सहाव्या ठिकाणी लाल स्लीव्ह चढवली.
ती आता बिलांच्या खिळ्याला टांगलेली असते,
कुलरच्या वाऱ्यानं हलते.

गिऱ्हाईक विचारतं, हे कोन्त्या मोटरचं, काका?
आमच्या पोराचं, म्हणतात बाबा,
आणि हातातले वेढे
पुन्हा एकपासून मोजायला लागतात.