ण चा खण

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी
तपकीर गल्लीत, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही जमतो. चौदा माणसं, अकरा खुर्च्या,
आणि ‘दूरगामी’चे चौऱ्याऐंशी भाग, खाकी कव्हरं घातलेले.
पन्नास वर्षांत त्या यानानं किती सूर्य ओलांडले.
मी स्वारगेटच्या पुढे क्वचित.

या वेळी ठरलं होतं:
जे मत आजवर गिळलंत, ते बोला.

ओगले म्हणाले, बाराव्या भागातच संपवायला हवं होतं.
हे गिळलेलं नव्हे. हे ते दरवर्षी बोलतात.
अत्तारांच्या रेहानला टीव्हीवरची नवी मालिका आवडते,
जिच्यात स्फोटाचा आवाज येतो.
पोकळीत आवाज नसतो, असं तिघं एकदम ओरडले.
तो म्हणाला, माहितीये. तरी आवडतो.
फिरोजाबाईंच्या मते कप्तान समरजित ठार मूर्ख,
सगळं डोकं यंत्रमानवाचं,
हा नुसता खिडकीपाशी पाठमोरा उभा.
यावर चहा येईपर्यंत भांडण.

मग वैजयंता काळोखे,
मांजरीहून दोन बस बदलून येणारी, एरवी गप्प, म्हणाली,
“आपल्या या आकाशगंगेत
जो पाण्याला पानी म्हणतो
तो तिसऱ्या प्रकरणात मरतो.”
आणि बिस्किट बुडवलं.

कुणी म्हणालं, योगायोग.
कुणी म्हणालं, लेखकाला वास्तव हवं होतं.
ओगले म्हणाले, आता प्रत्येक गोष्टीत जर आपण,
आणि वाक्य तिथंच ठेवून दिलं.
ती बोटांवर मोजत होती:
सातव्यातला केरबा फिटर,
एकविसाव्यात इंधनखोलीतला हमाल,
चौतिसाव्यातल्या दोघी बहिणी, त्यांना तर नावंही नाहीत.
“माझी आई अशीच बोलती.
ती यानात बसली तर किती पानं टिकंल?”

मी काही बोललो नाही.
इथं मी नुसता वाचक म्हणून येतो.
सातवा भाग सगळ्यांचा लाडका,
आणि तो मी जुळवलाय हे कुणाला ठाऊक नाही.
शुक्रवार पेठेत, चिंचेच्या तालमीमागचा छापखाना,
वय एकोणीस, नखांत शिसं.
फर्मा मशिनवर चढायच्या आदल्या रात्री
ण चा खण रिकामा.
सगळे ण कुठल्याशा बँकेच्या अहवालात अडकलेले.
मराठीला ण किती लागतो
हे रिकाम्या खणात बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

हस्तलिखितात केरबा शुद्ध बोलत होता.
कप्तान, टाकीतलं पाणी संपलं.
मी न लावला. न रग्गड होते.
सकाळी मालक म्हणाले, वा, पात्र जिवंत झालं.
लेखकाला तर इतकं आवडलं
की पुढच्या प्रत्येक मरणाऱ्याला त्यांनी न दिला.

पन्नास वर्षं मी हा किस्सा मनात
गमतीचा म्हणून जपलाय.

पण चौदाच कमी पडले होते.
त्याच पानांवर कप्तानाच्या तोंडी एकोणीस होते.
त्याच्याकडचा एक काढावा
असं मनातसुद्धा आलं नाही.
आणि आमच्या घरी, शिरूरला, पानीच होतं.
पाणी मी छापखान्यात शिकलो,
माठापाशी, मालकांसमोर, हळूहळू.

जिना उतरताना तिनं विचारलं,
काका, तुमचं मत राहिलं की.
म्हटलं, सातवा भाग काही तेवढा चांगला नाही.
ती हसली. हे गल्लीत बोलू नका, मार खाल.

रेडिओवाल्यानं शटर अर्धं ओढलं होतं.
आत कुठलंतरी स्टेशन नुसतंच खरखरत होतं.
बसला वेळ होता.
“पानी आहे का तुमच्याकडं?”
पिशवीत बाटली सापडेना.
चष्म्याचं घर, छत्री, सातवा भाग,
मग बाटली.
“हाय,” म्हटलं.