चाचणीची पट्टी

तापकीर गल्लीतल्या पोऱ्याने विचारलं,
"काका, किती वॅट?"
चाळीस वर्षं मी उजेड सेकंदांत मोजला.
पाच, दहा, पंधरा.
एन्लार्जरखाली कागदाची अरुंद पट्टी
आणि वरून सरकत जाणारा पुठ्ठा.
वॅट हा पंख्याला विचारायचा प्रश्न.
म्हटलं, "आधी रंग दाखव."

त्याने खोकी उघडली.
वॉर्म व्हाइट, लग्नाच्या हॉलचा.
कूल व्हाइट, दवाखान्याचा.
तळाशी रॉयल ब्लू, चारशे पन्नास नॅनोमीटर,
आणि त्याच्याही पलीकडचा एक जांभळा
जो दिसत जवळजवळ नाही,
दाढेतल्या कळेसारखा नुसता जाणवतो.
"हे कोण नेतं?"
"मासेवाले," तो म्हणाला, "आणि तुम्ही."

माझा जन्म लाल दिव्याखाली गेला.
नारायण पेठेत मोरीएवढी खोली.
लाल दिव्यात कागद आंधळा असतो
म्हणून आपल्याला डोळे असतात.
पाण्यात मात्र लालच आधी बुडतो,
तीन पुरुष खोलीवर जवळपास संपलेला.
निळा तेवढा उतरत राहतो.

कोंढव्याच्या फरीदा शिकलगारने
तिच्या टाकीत वाढलेला एक तुकडा दिला,
करंगळीच्या नखाएवढा, सिरॅमिकच्या बटणावर चिकटवलेला.
म्हणाली, "ह्याच्या अंगात शेवाळ राहतं. भाडेकरू.
भाडं साखरेत देतं, रोजचं रोज.
उजेड कमी पडला तर भाडं थकतं.
जास्त झाला तर मालकच त्यांना हाकलतो
आणि बसतो उपाशी, पांढराफटक होऊन."
म्हटलं, ओळखतो मी ह्या मालकाला,
सदाशिव पेठेत असतो.

तरी चूक केलीच.
पहिल्याच संध्याकाळी शंभर टक्के.
भिंत निळी, छत निळं, मृदुलाचे दात निळे.
समोरच्या इमारतीतून उपासनी बाईंचा फोन,
"तुमचं डासांचं मशीन बिघडलंय का हो?"
नवव्या दिवशी तुकड्याचं टोक पांढरं.

डार्करूममध्ये उजेड जास्त झाला
की कागद काळा पडायचा.
शिकलेलं सगळं तेच होतं,
फक्त निगेटिव्ह.

मग फरीदाचा मीटर आणला, टॉवेलात गुंडाळून,
बसमध्ये मांडीवर धरून.
वाळूवर साठ. मधल्या कपारीत एकशे दहा.
वरच्या दगडावर दोनशे चाळीस.
त्याच दगडाच्या सावलीत, दोन बोटं अलीकडे,
तीस.
वहीत आडव्या रेघा आखल्या.
वीस टक्क्यांपासून सुरुवात, आठवड्याला दोन वाढवायचे.
ज्येष्ठ चालू होता.

गुरुवारी महावितरणची देखभाल.
पंप इन्व्हर्टरवर, दिवा बंद.
मृदुला म्हणाली, असू दे, त्यालाही उपास.

तुकडा कपारीत हलवायचा
तर हात खांद्यापर्यंत बुडवावा लागतो.
फरीदाने बजावलेलं, आधी अंगठी काढा.
मंगळासाठी आईने तांब्यात घडवलेलं पोवळं,
मी एकवीस वर्षांचा होतो तेव्हापासून बोटात.
आणि तांब्याचा नुसता वास पाण्याला लागला
तरी जिवंत पोवळं मरतं.
आईला हे कुणी सांगायला हवं होतं,
किंवा नको.
साबण लावून काढली, टाकीच्या कडेवर ठेवली.
निळ्या उजेडात ती काळी दिसली,
खपली धरल्यासारखी.
बोटावर गोरा वळ. तो मात्र पाण्यात चमकला.

सेहेचाळीस टक्क्यांवर, भाद्रपदात कधीतरी,
टोकावर चहाचा डाग पडला.
दोन दिवसांनी तो पसरला. मग कडेने पिस्त्याचा हिरवा.
ट्रेमध्ये चेहरा वर यायचा, अगदी तसा,
फक्त इथे ट्रे हलवायला कुणी नव्हतं
आणि घड्याळाकडे बघून
बाहेर काढायचंही नव्हतं काही.

दिवा आता तिथेच थांबवलाय.
अंगठी अजून कडेवरच आहे.
मृदुला तिच्या आजूबाजूने पुसते.