पुन्हा ठेवा

कॉलेजच्या दारातलं यंत्र माझा अंगठा ओळखत नाही.
पुन्हा ठेवा, म्हणतं. पुसून ठेवा.
मागे रांगेत एकोणीस वर्षांची पोरं,
त्यांचे अंगठे एका झटक्यात हिरवे.

अकरा वर्षं काजू फोडले,
बियांच्या तेलाने रेषा खाल्ल्या.
राख चोळायचो, खोबरेल लावायचो,
तेल तरी आपलं काम करायचंच.
शिपाई मालंडकर उसासा टाकून वही काढतो.
मी पेनाने सही करते.
वेंगुर्ला. रक्त-लघवी तपासणीचा वर्ग. एक वर्ष, सर्टिफिकेट.

रबरी हात कालपर्यंत. आजपासून एकमेकांचे.

मस्करेन्हस मॅडम म्हणतात,
शीर बघायची नसते, चाचपायची असते.
वरवर निळी दिसते ती पळते,
खोलातली, न दिसणारी, ती थांबते.
पट्टा बांधा. एक मिनिट.
घड्याळाकडे बघा, तोंडाकडे नको.

हर्षाली आरोंदेकर बाही वर करून समोर बसली.
लुसलुशीत दंड, शीर कुठेच नाही.
"काकी, दुखतला काय गो?"
काकी म्हणू नको, जूनपासून सांगतेय.

यंत्राला जे बोट कळत नाही
त्या बोटाला तरी काय कळणार, असं वाटलं.
दाबलं. सोडलं. दाबलं.
कोपराच्या खळगीत, जरा आतल्या अंगाला
काहीतरी उसळून वर आलं.
बी हातात घेतली की
गर भरलेला आहे का पोचट
हे फोडायच्या आधीच कळायचं,
तसं.
(अख्खा निघाला तर एक भाव.
तुकडा पडला की मुकादमीण
नाव न घेता आपल्याकडे बघायची.)

सुई तिरकी, पंधरा अंशांत.
नळीत रक्त आलं तेव्हा
मी श्वास धरून बसलेय हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.
निळी टोपी, मग लाल, मग जांभळी.
जांभळी हलवायची नाही,
सावकाश उलटसुलट करायची, आठ वेळा.
मी अकरा वेळा केली.
"पट्टा!" मॅडम ओरडल्या, "अहो पट्टा सोडा आधी!"

दुसऱ्या दिवशी हर्षालीचा हात जांभळा.
ती वर्गभर दाखवत फिरली,
"ह्यां काकीन केल्यान."
माझी मान खाली. तिची मात्र केवढी मिजास.

संध्याकाळी बंदरावर बांगडे घ्यायला गेले.
पाटी उचलताना म्हातारीच्या हातावर
शीर अशी तटतटून आली, होडीच्या दोरासारखी,
डोळे मिटून सापडेल अशी.
मी वाकून बघतच राहिले.
मनात पट्टा बांधला, वेळ लावली,

"काय गो," ती म्हणाली,
"हात कित्या बघतंस माझो? बांगडे बघ."