परिशिष्ट ‘ड’

सीबीएसजवळ, कोर्टाच्या भिंतीला टेकून
माझं टेबल. एकवीस वर्षं झाली.
भाडेकरार, नावात बदल,
हरवलेल्या गुणपत्रिकेचं प्रतिज्ञापत्र,
सगळं टाइप करते. पानामागे वीस रुपये.

हर्षाली खैरनार आली ती नवऱ्याच्या मागून,
ओढणी अजून पोटावर धरून.
सातपूरला त्यांचं वर्कशॉप. अडतिसावा आठवडा.
पहाटे तीन ते सात ‘डॉक्टर निघालेत’ एवढंच,
आणि सिस्टरच्या हातात लांबत जाणारी
ठोक्यांची पट्टी.

वकील सांगत गेले, मी टाइप करत गेले.
तक्रारदार क्रमांक एक, आई.
तक्रारदार क्रमांक दोन, वडील.
मग म्हणाले, थांबा बाई,
तिसरं कोणी लिहू नका.
समोरचे विचारतील, जन्मलंच नाही
ते मेलं कसं?
आईला झालेली इजा, असं मांडू.
हात मोडावा, तसं.

योगीराज खुर्चीतून अर्धा उठला.
सातव्या महिन्यात वाटण्या झाल्या आमच्यात.
दिंडोरीच्या रानात पोटातल्याचा हिस्सा राखा,
हे वकिलानंच सांगितलं होतं, साहेब.
तेव्हा तो होता?

वकिलांनी चष्मा पुसला.
जिवंत जन्माला आला, तर.

‘तर’ मी टाइप केलं नाही.
ते मला सांगितलेलं नव्हतं.

महापालिकेचा कागद पुढे सरकला.
त्यावर ‘मृत जन्म’.
मृत आधी, जन्म नंतर.
लिंग: स्त्री. वजन: दोन किलो नऊशे.
नावापुढे आडवी रेघ.
म्हणजे तो नव्हे, ती.
योगीराज हे आत्ताच वाचत असावा,
असा बराच वेळ वाचत राहिला.

इथून दोन मैलांवर रामकुंड.
कुठून कुठून माणसं येतात,
नाव-गोत्र सांगून पाणी सोडतात.
हिला घेऊन गेले तेव्हा गुरुजी म्हणाले,
हिचं दहावं नसतं. पुरा आणि घरी जा.
हर्षाली तेव्हा टाक्यांत होती.
कुठे पुरलं, ते तिने अजून विचारलेलं नाही.

पट्टी तिने डब्यातून काढली,
पोळ्यांच्या, स्टीलच्या.
घडी उलगडली तर माझ्या टेबलाबाहेर गेली.
मी म्हटलं, उन्हात नको धरूस, बाई,
हा कागद उडतो.
सहा महिन्यांत कोरा होतो.
आधी झेरॉक्स काढ.

चार पानांत बसली.
प्रत्येक पानावर मी शिक्का मारला, सत्यप्रत,
आणि कोपऱ्यात हाताने आकडे घातले.
सतरावर एकशे चाळीस, डोंगर-दऱ्या.
अठरावर खाली यायला लागलेली.
एकोणीसवर साठ, आणि पेनाने कुणीतरी
‘सरांना कळवले’.

विसाव्या पानावर रेघच नव्हती.
नुसते चौकोन.
वकील म्हणाले, ते कशाला?

मी नंबर घातला होता.